न्यूयॉर्कच्या महापौरांचं चित्रवाचन

१९४५च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क शहरात वर्तमानपत्रं छापली जात होती, पण घरी येत नव्हती. अंक वाटणाऱ्या कामगारांचा संप जूनच्या शेवटच्या दिवशी सुरू झाला तो सतरा दिवस चालला. ज्यांना अगदीच राहवत नव्हतं ते छापखान्याच्या दारात रांगा लावून अंक घेत होते. जपानशी लढाई अजून चालू होती. तिच्या बातम्या मोठ्या माणसांना रेडिओवरून कळत होत्या. पंचाईत झाली ती मुलांची. त्यांच्या लेखी पेपर म्हणजे रविवारचं चित्रमालिकांचं रंगीत पान, आणि त्यातल्या डिक ट्रेसी या गुप्तहेराचं पुढे काय झालं हे काही बातम्यांत सांगत नाहीत. ही अडचण शहराचे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी स्वतःकडे घेतली. डब्ल्यूएनवायसी या महापालिकेच्या मालकीच्या रेडिओ केंद्रावरून दर रविवारी ते शहराशी बोलत असत. त्या बोलण्यातच त्यांनी चित्रमालिका हातात घेतली आणि मुलांना ती वाचून दाखवली.

हा प्रसंग एरवी लोकप्रिय पुढाऱ्याचा किस्सा म्हणून सांगितला जातो. पुढारी होते, लोकप्रियही होते. पण किस्सा म्हणून सांगितला की त्यातली कारागिरी हातची जाते. त्या वाचनाची ध्वनिमुद्रणं आहेत, वार्तापटासाठी केलेलं चित्रीकरणही आहे. ती केवळ एक वाचन म्हणून ऐकावीत, एखाद्या नटाचं नाट्यवाचन ऐकावं तशी. मग लक्षात येतं की या गृहस्थांनी एक अवघड काम, अवघड आहे याचा पत्ता लागू न देता पार पाडलं आहे.

अवघड का, ते आधी पाहू. चित्रमालिका कागदावर असते तेव्हा डोळा एकाच वेळी दोन गोष्टी करतो: चौकट अख्खी पाहतो आणि फुग्यातलं वाक्य वाचतो. शिवाय दोन चौकटींमध्ये बोटभर कोरी जागा असते. खरी घटना पुष्कळदा तिथेच घडते. एक साधं उदाहरण रचून पाहा. पहिल्या चौकटीत दाराच्या मुठीवर हात. दुसऱ्या चौकटीत काळोख आणि त्यात दोन चमकते डोळे. तिसऱ्या चौकटीत दिवा लागलेला आणि टेबलावर मांजर. फुगा एकाही चौकटीत नाही. हे रेडिओवर वाचायचं कसं? ‘एक माणूस दार उघडतो, आत मांजर असतं’ असं म्हटलं तर गोष्ट कळली आणि मेली. ‘पहिल्या चित्रात हात आहे, दुसऱ्या चित्रात डोळे आहेत’ असं म्हटलं तर पंचनामा झाला. जमलेलं वाचन ते, ज्यात वाचणारा दुसऱ्या चौकटीपाशी स्वतः थबकतो, ‘अरे, हे काय?’ म्हणतो, पुढचं त्यालाही ठाऊक नाही असा श्वास घेतो, आणि मग दिवा लावतो. म्हणजे चित्रकाराने कागदावर सोडलेली कोरी जागा त्याला वेळात सोडावी लागते. ती किती सोडायची हे कुठे लिहिलेलं नसतं.

आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी चित्राचं पान प्रेक्षकांसमोर धरतात आणि वाद्यांच्या साथीत कथा सांगतात. तिथे चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर असतं, शब्द त्याला हलवतात. रेडिओवाल्याच्या हाती निम्मीच सामग्री. चित्र त्याच्यापाशी आहे आणि श्रोता आंधळा आहे.

ला गार्डियांची पहिली खुबी त्यांच्या सुरुवातीत आहे. तुम्हाला आज पान मिळालं नाही, तुम्ही हिरमुसला असाल, तर या, भोवती बसा, अशा अर्थाचं बोलून ते आरंभ करतात. ‘भोवती बसा’ हे निमंत्रण पाहा. मुलं आपापल्या घरी, शहरभर विखुरलेली. भोवती बसणार कुठे? पण त्या दोन शब्दांनी वक्त्याची आणि श्रोत्यांची मांडणीच बदलते. आता भाषण करणारा महापौर समोर नाही; पान मांडीवर घेऊन बसलेला एक वडीलधारा आहे आणि मुलं त्याच्या खांद्यावरून डोकावताहेत. पुढचं सगळं वाचन या मांडणीवर उभं आहे. ‘हे पाहा’, ‘आणि आता इथे’, असं बोटाने दाखवल्यासारखं बोलण्याची मुभा त्यांना तिथेच मिळते. रेडिओवर ‘हे पाहा’ म्हणणं म्हणजे खरं तर वेडेपणा. पण डोकावणाऱ्या पोराला ते खटकत नाही. ते पाहू लागतं.

आवाजाबद्दल बोलायला हवं, कारण तो आवाज रेडिओला मुळीच साजेसा नव्हता. त्या काळच्या निवेदकांचे आवाज खर्जातले, रेशमी. ला गार्डिया बुटके, जेमतेम पाच फूट दोन इंचांचे, आणि आवाज पातळ, चढा. उत्तेजित झाले की चिरकायचा. भाषणात हा दोषच मानला गेला असता. चित्रमालिकेत तो कामाला येतो. गोष्ट तापत जाते तसा आवाज चढत जातो, आणि जिथे कागदावर अक्षरं जाड आणि मोठी होतात तिथे हा आवाज आपोआप फाटतो. त्यांचे वडील लष्करी बँडचे प्रमुख होते, मुलगा स्वतः कॉर्नेट वाजवायला शिकलेला. वाचनातली लय ऐकताना ते जाणवतं: आधी सूर धरून ठेवायचा, मग एकेक पायरी चढायची, शिखरावर क्षणभर थांबून धाडकन खाली यायचं. चित्रीकरणात हातही दिसतात. ते हात सारखे हवेत आहेत, रेडिओच्या श्रोत्याला दिसणार नाहीत याची पर्वा न करता. ज्याने बोलताना कधी हात हलवले असतील त्याला माहीत आहे की हात बांधले की आवाजही बांधला जातो.

दुसरी एक गोष्ट मला या वाचनाच्या मुळाशी दिसते. महापौर होण्याच्या कितीतरी आधी, १९०७ ते १९१०, ला गार्डिया एलिस बेटावर स्थलांतरितांसाठी दुभाषे होते. बोटीतून उतरलेल्या बावरलेल्या माणसांचं इटालियन, क्रोएशियन, जर्मन बोलणं ऐकायचं आणि ते समोरच्या अधिकाऱ्याला इंग्रजीत सांगायचं. चांगला दुभाषा मधल्या मध्ये स्वतःची भर घालत नाही, पण माणूस रडत बोलतो आहे हेही लपवत नाही. चित्रमालिकेच्या वाचनात हीच शिस्त आहे. पात्राचं वाक्य ते पात्राच्या तोंडचं म्हणून देतात, चित्रात काय आहे ते स्वतःच्या तोंडचं म्हणून देतात, आणि या दोहोंत गल्लत होऊ देत नाहीत. आवाज बदलून सोंगं काढण्याचा मोह ते फारसा होऊ देत नाहीत, वेग बदलतात. त्या तेवढ्या बदलावर मूल ओळखतं की आता गुंड बोलला आणि आता महापौर बोलले.

आता ज्याचं वाचन चाललं आहे त्या मालिकेकडे वळू. ‘डिक ट्रेसी’ चेस्टर गूल्डने १९३१मध्ये सुरू केली. गूल्डची रेघ कठोर, काळ्याचे ठोकळे भरीव, अर्धछाया जवळपास नाही. अशी रेघ आवाजात आणणं त्यातल्या त्यात सोपं, कारण तिथे संदिग्ध काही नसतं. अंधार म्हणजे अंधार, बंदूक म्हणजे बंदूक. त्याहून मोठी सोय गूल्डच्या खलनायकांनी करून ठेवली होती. फ्लॅटटॉपचं डोकं सपाट, प्रूनफेसचा चेहरा वाळलेल्या आलुबुखारासारखा सुरकुतलेला, शेकी सदा थरथरणारा. चेहरा नावातच आहे. चित्र काढून घेतलं तरी नाव उच्चारताच चेहरा उभा राहतो. गूल्डने हे रेडिओसाठी केलं नव्हतं, अर्थातच. रोजच्या पेपरात आठवड्यानंतर पुन्हा येणारं पात्र वाचकाला झटकन ओळखता यावं, एवढाच त्यामागचा धंद्याचा हिशेब. पण धंद्याच्या हिशेबातून एखाद्या कलेला अनपेक्षित आधार मिळतो तो असा. त्या जुलैत गोष्ट चालली होती या शेकीची सावत्र मुलगी ब्रेथलेस महोनी हिची आणि तिच्या हाती लागलेल्या पापाच्या पैशाची. पैशाभोवती माणसं एकमेकांवर उठलेली. लहान मुलांना असलं काय वाचून दाखवायचं, असं आजच्या पालकांना वाटेल. ला गार्डिया ते जराही पातळ करत नाहीत. ज्याची मुलं वाट पाहत होती तेच त्यांना मिळालं पाहिजे, हा त्यांचा सौदा.

‘लिटल ऑर्फन ॲनी’ही त्यांनी वाचली, आणि तिचं वाचन वेगळ्या परीक्षेचं. हॅरॉल्ड ग्रेची ही मालिका १९२४पासून चाललेली. ग्रेची पात्रं फार बोलतात. फुगे शब्दांनी गच्च भरलेले, कधी चौकटीचा वरचा निम्मा भाग त्यांनीच व्यापलेला. वाचणाऱ्याला वाटावं, बरं झालं, आयतं नाटक मिळालं. पण ॲनीचे डोळे आठवा: नुसती दोन वर्तुळं, बुबुळं नाहीतच. ग्रेने तिला नजर दिली नाही. तिला भीती वाटते आहे की राग आला आहे, हे कागदावर वाचक स्वतःच्या मनाने भरतो. मोठ्याने वाचताना ती सवड राहत नाही. वाक्य उच्चारलं की त्यात भाव आलाच, आणि भाव आला की ॲनीच्या रिकाम्या वर्तुळात बुबुळ उमटलं. वाचणारा तिथे चित्रकाराने अपुरं ठेवलेलं चित्र पुरं करत असतो. काहींना ही मोडतोड वाटेल. मला ते या प्रकारातलं सगळ्यात नाजूक काम वाटतं. एरवी श्रोता चित्राच्या बाबतीत वाचकापेक्षा गरीब असतो. ॲनीच्या बाबतीत मात्र त्या रविवारी तोच जास्त श्रीमंत झाला.

यात एक गंमतही आहे. ग्रेला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आणि त्यांचं ‘न्यू डील’ हे मंदीवरचं धोरण डोळ्यांसमोर नको होतं, आणि ला गार्डिया तर त्या धोरणाचे शहरातले खंदे पुरस्कर्ते. तरी ॲनीला त्यांच्या तोंडून न्याय मिळाला. गोष्ट वाचताना राजकारण बाजूला ठेवता येणारे पुढारी तेव्हाही थोडेच असतील.

आणि मग उपदेश. ट्रेसीची चौकट संपल्यावर ते मुलांना विचारतात, या सगळ्याचा अर्थ काय? आणि उत्तरही देतात: घाणेरड्या पैशाने कधी कुणाचं भलं होत नाही, त्याच्यामागून दुःख येतं, बेअब्रू येते. रसिकाच्या कानाला हे पहिल्यांदा खुपतं. इतकी रंगलेली गोष्ट आणि शेवटी हे तात्पर्य! पण पुन्हा ऐका. तात्पर्य सांगताना त्यांनी गोष्टीची पट्टी सोडलेली नाही. ते त्याच चढ्या सुरात, त्याच धपापत्या वेगात येतं, जणू मालिकेची आणखी एक चौकट. दुःख, हालअपेष्टा, बेअब्रू असे शब्द एकापाठोपाठ आदळतात आणि शेवटच्या शब्दावर जोर येतो. शिवाय हा माणूस कोण? १९३४मध्ये जप्त केलेली जुगाराची यंत्रं स्वतः घणाने फोडणारा. त्याच्या तोंडी ‘पापाचा पैसा’ हे पुस्तकातलं वाक्य राहत नाही. मोठ्या श्रोत्यांना ते मुलांच्या डोक्यावरून आपल्याला उद्देशून आलेलं कळत असणार. एकाच वाक्याचे दोन पत्ते, आणि दोन्हीकडे ते पोचतं.

त्यांच्या रविवारच्या बोलण्याचा एकूण पोतही ध्यानात घ्यावा. त्यात बाजारभाव असत, कुठली भाजी या आठवड्यात घ्यावी हे असे, कोळसा कसा पुरवावा हे असे. निरोप घेताना ‘धीर आणि निग्रह’ असं म्हणायची त्यांची रीत होती. शहराच्या मोठ्या ग्रंथालयापुढच्या दोन दगडी सिंहांना ही नावं त्यांनीच मंदीच्या दिवसांत दिलेली. भाजीचा भाव सांगणाऱ्या आवाजात डिक ट्रेसी आला म्हणून तो उपरा वाटला नाही. त्याच सुरात, त्याच घाईत, घरातलाच एक विषय म्हणून आला.

तुलनेसाठी धंदेवाईक वाचक ऐकावा. डब्ल्यूओआर केंद्रावरचे ‘अंकल डॉन’ न्यूयॉर्कच्या मुलांना आधीपासून ठाऊक होते. पण या कलेचा पक्का उस्ताद म्हणजे लॉन क्लार्क. ‘निक कार्टर’ या रहस्यमालिकेचा नायक म्हणून रेडिओवर गाजलेला हा नट १९४७पासून १९५४पर्यंत ‘कॉमिक वीकली मॅन’ होता. हर्स्ट यांच्या वर्तमानपत्रांबरोबर रविवारी ‘पक’ नावाची चित्रमालिकांची पुरवणी येई, ती तो वाचायचा. सोबतीला ‘मिस हनी’ नावाची छोटी मुलगी. तिचं काम विचारण्याचं, हट्ट करण्याचं, आणि ऐकणाऱ्या मुलांच्या वतीने कार्यक्रमात बसण्याचं. संगीत, ध्वनिपरिणाम, प्रत्येक पुरुषपात्राला वेगळा गळा, सगळं चोख. हर्स्टच्या अंकांचा खप वाढावा हा उघड हेतू होता, आणि म्हणूनच एक मूलभूत फरक पडला: इथे मुलाच्या हातात पान आहे. क्लार्क पान उलटायला सांगतो, कुठली मालिका आता आहे ते सांगतो आणि वाचू लागतो.

या फरकाने वाचनाची सगळी तऱ्हाच पालटते. आता चित्राचं वर्णन करण्याची गरज नाही; वर्णन केलं तर ते मुलाच्या डोळ्याच्या आड येईल. क्लार्कचं कौशल्य आहे ते वेळ राखण्यात. मुलाचा डोळा जेवढ्या वेळात चौकटीवरून फिरतो तेवढ्याच वेळात वाक्य संपलं पाहिजे. ना आधी, ना नंतर. जॉर्ज मॅकमॅनसच्या ‘ब्रिंगिंग अप फादर’मध्ये पुढे नवराबायकोचं भांडण चालू असतं आणि मागे भिंतीवर टांगलेल्या तसबिरींतली माणसं चौकटीतून पाय बाहेर काढून आपापले उद्योग करत असतात. त्यांच्याविषयी फुग्यात अवाक्षर नाही. क्लार्कसारख्या वाचनात ती मुलासाठी शिल्लक राहतात: कानावर भांडण पडतंय, डोळा मागे भटकतोय, आणि तसबिरीतला माणूस खाली उतरल्याचा शोध त्याचा त्यालाच लागतोय. ला गार्डियांच्या पद्धतीने वाचायचं तर त्या तसबिरीतल्या माणसाला एक तर गाळावं लागलं असतं, नाही तर नाव घेऊन मारावं लागलं असतं. उलट हॅल फॉस्टरच्या ‘प्रिन्स व्हॅलियंट’मध्ये फुगे मुळातच नाहीत, चित्राखाली गद्य. ते वाचताना नटाला आवाज बदलायला जागा नसते, कथेकऱ्याच्या एकाच संथ सुरात वाचावं लागतं. आणि हे करताना क्लार्क जितका सुरेख लागतो तितका तो ‘ब्लॉन्डी’तल्या डॅगवुडची पोस्टमनशी टक्कर घडवताना लागत नाही, असं माझं मत. टक्कर चित्रात आधीच झालेली असते. ध्वनिपरिणामाचा धडाका तिच्या मागून येतो आणि शिळा वाटतो.

चित्रमालिकेचं आणि रेडिओचं नातं या वाचनांच्या बरंच आधी जुळलेलं होतं. ‘शिकागो ट्रिब्यून’च्या डब्ल्यूजीएन केंद्राला ‘द गम्प्स’ ही आपलीच गाजलेली मालिका नभोनाट्यात आणायची होती. ज्या दोघा नटांना विचारलं त्यांनी ती नाकारून स्वतःची पात्रं रचली, आणि १९२६च्या जानेवारीत ‘सॅम अँड हेन्री’ सुरू झालं. रोज थोडं, पुढचं उद्या, ही रेडिओ-मालिकेची चाल चित्रमालिकेच्या पट्टीवरूनच उचललेली. ॲनीलाही १९३०पासून रेडिओवर स्वतःचं नाटक होतं आणि ओव्हलटिनची जाहिरात त्याच्या गळ्यात बांधलेली होती. या सगळ्या रूपांतरांत चित्र अखेर टाकून दिलेलं असतं. पात्रं घेतली, चौकटी फेकल्या. महापौर मात्र चौकटी वाचतात. त्यांच्या वाचनात चित्र नाहीसं होत नाही. नजरेआड असल्याची हुरहूर ठेवून ते हजर राहतं. महापालिकेचं केंद्र असल्यामुळे मध्ये जाहिरात नाही, पान विकायचंही नाही.

त्या संपाचा अभ्यासही झाला. पेपर नसल्याने लोकांचं नेमकं काय अडलं, हे बर्नार्ड बेरेल्सन यांनी वाचकांच्या मुलाखती घेऊन तपासलं आणि १९४९मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. अमुक एक बातमी हुकली असं नेमकं सांगणारे थोडेच निघाले. रोजचा वाचण्याचा परिपाठ मोडला, हीच खरी तक्रार. मुलांचा परिपाठ ला गार्डियांनी मोडू दिला नाही.

डिसेंबरअखेर त्यांची महापौरपदाची कारकीर्द संपली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १३ जानेवारी १९४६ला, गूल्डने डिक ट्रेसीच्या मनगटावर दोन्हीकडून बोलता येणारा रेडिओ बांधला. या दोन गोष्टींचा संबंध जोडायला काही आधार नाही, आणि जोडण्याची गरजही नाही.

ज्यांना हे वाचन ऐकायचं असेल त्यांना एक सुचवावंसं वाटतं. वार्तापटातलं चित्रीकरण सहज सापडतं, पण त्याच्याने सुरुवात करू नये. कॅमेरा महापौरांच्या चेहऱ्याकडे वळलेला आहे; त्यांच्या हातातलं पान आपल्याला दिसत नाही, आणि त्यांच्या हातवाऱ्यांनी आपलं लक्ष वेधून घेतलं की मनातलं पानही दिसेनासं होतं. आधी नुसता आवाज ऐकावा. ट्रेसीच्या चौकटी मनात मांडाव्यात, ब्रेथलेस कुठे उभी आहे ते ठरवावं. मग चित्रीकरण पाहावं, आणि ते नेमके कुठे बोट रोखतात ते आपल्या मांडणीशी ताडून पाहावं.